पेशी मोठी झाली, पण दोन झाली नाही

(‘वाचक विचारतात’ या सदरासाठी या वेळी जीवशास्त्राची पत्रं निवडली आहेत. उत्तरं देणाऱ्या बाई सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत. – संपादक)

प्रश्न : अकरावीच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड केली. पुस्तकातल्या चित्रात सगळ्या पेशी विभागताना दिसतात. माझ्या स्लाइडमध्ये शंभर मोजल्या, तर नव्वदच्या वर नुसता गोल ठिपका घेऊन बसलेल्या. मॅडम म्हणाल्या, त्या सोड, विभागणाऱ्या शोध. पण मग त्या बाकीच्या करतात काय? आणि विभाजन दिसतच नाही, ते कसं शोधू?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

परीक्षेत गुण विभाजनाच्या चार अवस्थांच्या चार चित्रांना असतात, ठिपक्यांना नसतात. म्हणून मॅडम तसं म्हणाल्या, त्यांच्यावर रागावू नकोस. पण तू शंभर पेशी मोजल्यास हे मला फार आवडलं. त्या मोजणीतच तुझं अर्धं उत्तर आहे.

मुळाच्या टोकातल्या पेशी सगळ्या एकदम विभागत नाहीत, जिचं तिचं आपापलं चाललेलं असतं. तू मूळ अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात टाकलंस, त्या क्षणी जी पेशी जिथे होती तिथेच थिजली. त्यामुळे शंभरातल्या किती पेशी एखाद्या अवस्थेत सापडतात, यावरून त्या अवस्थेला साधारण किती वेळ लागतो याचा अंदाज येतो. विभागणाऱ्या पेशी मोजक्याच सापडतात, कारण विभाजन झटपट उरकतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचा एक फेरा साधारण २४ तासांचा धरला, तर प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम तासभर लागतो. उरलेले २३ तास तुझ्या त्या ठिपकेवालीचे. (तो ठिपका म्हणजे पेशीचं केंद्रक, डीएनए असतो तो त्यात.)

पूर्वी शास्त्रज्ञांनाही वाटायचं, की या मधल्या काळात पेशी काही करत नाही. भिंगाखाली काही हलत नाही, बदलत नाही, मग दुसरं काय वाटणार? याचा छडा लावला तो लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी, आणि तोही मुळांवरच. बाकला नावाच्या शेंगेची रोपं त्यांनी किरणोत्सारी फॉस्फरस घातलेल्या पाण्यात ठेवली. नवा डीएनए बनवायला फॉस्फरस लागतो. ज्या पेशी त्या वेळी डीएनए बनवत होत्या त्यांनी तो उचलला आणि फोटोच्या फिल्मवर त्यांच्या खुणा उमटल्या. १९५३ साली त्यांनी जे छापलं त्याचा मथितार्थ असा : डीएनएची नक्कल मधल्या काळातल्या एका ठरावीक तुकड्यातच होते, आणि ती संपल्यावर पेशी लगेच विभागत नाही, मध्ये काही तास जातात. नकलेचा काळ म्हणजे तुमच्या पुस्तकातली ‘एस’ अवस्था. तिच्या आधीची जी-१, नंतरची जी-२.

जी-१ला त्या २४ तासांतले अकराएक तास जातात. नुकती विभागलेली पेशी आपल्या आईच्या निम्मी असते, तिला आधी अंग धरायचं असतं. ती रायबोझोम बनवते, त्यांच्यावर प्रथिनं बनवते, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका वाढवते, बाहेरचं पटल वाढवते. आणि याच काळात मुख्य निर्णय होतो : पुन्हा विभागायचं की नाही? आपल्या शरीरात पेशीला अन्न मिळालं म्हणून ती विभागत सुटत नाही. शेजारच्या पेशींकडून किंवा रक्तातून ‘चल’ असा निरोप देणारी प्रथिनं यावी लागतात. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की जी-१मध्ये एक ठरावीक टप्पा असतो. तिथवर पोचण्याआधी पेशीची रसद तोडली तर ती थांबून राहते. तो टप्पा ओलांडल्यावर मात्र ती चालू फेरा पुरा करूनच थांबते.

एस अवस्थेचं एक गणित मी दर वर्षी वर्गात फळ्यावर करायची, इथेही करते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे डीएनएचे ४६ धागे, त्यांत मिळून सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्या (डीएनए ज्या घटकांच्या जोड्यांनी बनतो, त्यांना अक्षरं म्हणू). सगळा डीएनए सरळ ताणला तर दोन मीटरच्या आसपास भरेल. नक्कल करणारी प्रथिनांची टोळी सेकंदाला पन्नासेक अक्षरं उरकते. सर्वांत लांब गुणसूत्र पहिल्या क्रमांकाचं, सुमारे २५ कोटी अक्षरांचं. एका टोकाला सुरुवात करून दुसऱ्या टोकाला जायचं म्हटलं, तर २५ कोटी भागिले ५०, म्हणजे ५० लाख सेकंद. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार कर : जवळजवळ ५८ दिवस! आणि पेशीची एस अवस्था आटोपते आठ तासांत. कसं? एका टोकाला सुरुवात न करता, सगळ्या गुणसूत्रांवर मिळून हजारो ठिकाणी नक्कल सुरू होते, आणि प्रत्येक ठिकाणाहून दोन्ही बाजूंना धावते.

इथे एक धोका आहे. इतक्या ठिकाणी सुरुवात होत असेल, तर एखादा तुकडा दोनदा नकलला जायचा. म्हणून नकलेच्या संभाव्य जागांवर परवाना म्हणावा अशी प्रथिनं जी-१मध्येच बसवून ठेवलेली असतात. एकदा त्या जागेवरून नक्कल सुटली की परवाना गेला, नवा मिळणार पुढच्या विभाजनानंतरच. शिवाय तपासणी चालूच असते. सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर शंभर कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते. आमच्या मासिकाच्या मुद्रितशोधकांनी हे वाचू नये.

जी-२चे चारएक तास. गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंचं सामान जमवायचं, आणि डीएनए कुठे तुटलेला तर नाही ना हे बघायचं. तुटलेला असेल तर थांबायचं. हे थांबणं आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळी जनुकं आहेत. लीलंड हार्टवेल आणि टेड वायनर्ट यांनी १९८८ मध्ये यीस्टवर हे दाखवलं. क्ष-किरणांनी डीएनए मोडला, की चांगलं यीस्ट विभाजन रोखून धरतं आणि आधी दुरुस्ती करतं. एक विशिष्ट जनुक बिघडलेलं यीस्ट मात्र तसंच मोडक्या डीएनएसकट विभागतं आणि मरतं. मला हा प्रयोग शिकवायला सर्वांत आवडायचा, पण अभ्यासक्रमात नव्हता.

आता स्लाइडबद्दल, कारण पत्राच्या शेवटी तू ‘विभाजन दिसतच नाही’ म्हणतेस. मुळाचं फक्त टोक घे, दोन-तीन मिलिमीटर. मुलं निम्मं मूळ ठेचतात आणि लांबुळक्या पेशी बघत बसतात. टोकाच्या मागच्या त्या पेशींनी विभागणं सोडून दिलेलं असतं, त्या पाणी भरून घेऊन नुसत्या लांब होत असतात. कांदा मार्केट यार्डातला जुना, कोरडा, मूळ न फुटलेला आण. ग्लासातल्या पाण्याला त्याचं बूड टेकेल एवढंच ठेव. आपल्याकडे एप्रिल-मेत ग्लासातलं पाणी इतकं तापतं की मुळं तपकिरी होऊन बुळबुळीत होतात, तेव्हा माठाच्या शेजारी ठेव आणि पाणी रोज बदल. आणि जाता जाता : कांद्याची गुणसूत्रं फक्त १६, पण त्याच्या पेशीत डीएनए आपल्या पाचपट.

प्रश्न : आई विड्या वळते. कित्येक महिने थकवा, पायऱ्या चढताना धाप. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी आलं आणि खाली ‘तांबड्या पेशी आकाराने मोठ्या’ असा शेरा. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड आणि बी-१२ सुरू केलं. पेशी मोठ्या म्हणजे चांगलंच ना? मग अशक्तपणा कसा?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

पहिल्या पत्राचंच उत्तर इथे पुढे न्यायचं आहे, म्हणून दोन्ही पत्रं लागोपाठ घेतली. पेशीचं वाढणं आणि पेशीचं दोन होणं ही दोन वेगळी कामं आहेत. एरवी ती इतकी बरोबरीने चालतात की आपल्याला एकच वाटतात. तुमच्या आईच्या रक्तात त्यातलं एक चालू राहिलं आणि दुसरं अडलं.

तांबडी पेशी हाडातल्या मगजात तयार होते. तिची पूर्वज पेशी चांगली मोठी असते, तिला केंद्रक असतं. ती काही वेळा विभागते, दर पिढीला लहान होते, हिमोग्लोबिन भरून घेते, शेवटी केंद्रकही टाकून देते आणि रक्तात उतरते. निरोगी माणसात दर सेकंदाला अशा वीस लाखांच्या आसपास पेशी तयार होतात. इतकी विभाजनं म्हणजे तितक्याच वेळा डीएनएची पूर्ण नक्कल. डीएनएची अक्षरं चार : ए, टी, जी, सी. यातलं ‘टी’ जुळवायला फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या जातीचं जीवनसत्त्व, लागतं. ते कमी पडलं की ‘टी’चा तुटवडा, आणि वर सांगितलेली एस अवस्था रखडते.

पण प्रथिनं बनवायला जो आरएनए लागतो, त्यात ‘टी’ नसतंच. त्याच्या जागी ‘यू’ असतं, आणि ते बनवायला फोलेट लागत नाही. म्हणून प्रथिनं बनत राहतात, हिमोग्लोबिन भरत राहतं, पेशीचं अंग वाढत राहतं. फक्त नक्कल पुरी होत नाही, म्हणून विभाजन होत नाही. अशा पुष्कळ पेशी मगजातच मरतात. ज्या कशाबशा निभावतात त्या मोठ्या असतात, पण संख्येने थोड्या. रिपोर्टमध्ये ‘एमसीव्ही’ नावाचा आकडा पाहा, तो तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान सांगतो. मोठ्या माणसात तो साधारण ८० ते १०० असतो, आईचा त्याच्या वर असणार. लोह कमी पडलं तर याच्या उलट होतं, पेशी लहान आणि फिकट निघतात. आपल्याकडे बायकांमध्ये तोच प्रकार जास्त, त्यामुळे ‘रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या खा’ हे शेजारपाजारचं औषध प्रत्येकीला लागू पडेलच असं नाही.

हा आजार समजून घेण्याची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, हे सोलापूरकरांनी जरूर वाचावं. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांमध्ये मोठ्या पेशींचा हा पांडुरोग फार दिसत होता. विल्स यांनी हाफकिन संस्थेत काम सुरू केलं. आधी जंतू शोधले, मग लक्ष वळवलं ताटाकडे : या बायका खातात काय? प्रयोगाच्या उंदरांना आणि माकडांना तसाच निकृष्ट आहार दिला, तर त्यांनाही पांडुरोग झाला. आहारात यीस्टचा अर्क दिला, तर सुधारणा झाली. हा अर्क म्हणजे मार्माइट, दारूभट्टीत उरलेल्या यीस्टपासून केलेलं इंग्लंडमधलं स्वस्त खाणं. बायकांनाही ते मानवलं, आणि १९३१ मध्ये विल्स यांनी ते प्रसिद्ध केलं. अर्कातलं नेमकं काय लागू पडतं हे त्यांना माहीत नव्हतं. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं, तेव्हा कोडं सुटलं.

माझी आजी इथल्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिच्या बरोबरीच्या बायकांबद्दल बोलताना ‘पांढरीफटक पडली आणि बाळंतपणात गेली’ हे वाक्य ती फार सहज बोलायची. त्यांतल्या किती जणी मूठभर पालेभाजीने वाचल्या असत्या, असं विल्स यांच्याबद्दल वाचताना मनात आलं.

आता तुमच्या आईसाठी. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडसोबत बी-१२ दिलं आहे, ते मुद्दाम. बी-१२ कमी असलं तरी पेशी अशाच मोठ्या होतात, कारण फोलेट कामाला लावायला बी-१२ लागतं. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि सगळं ठीक वाटतं, पण आत बी-१२च्या अभावाने नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून शेजारणीने सांगितलं म्हणून यातली एक गोळी बंद करू नका. हातापायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. जेवणात पालक, हरभरा, मूग, मसूर असू द्या. भाजी फार शिजवून तिचं पाणी ओतून दिलं तर फोलेट त्या पाण्याबरोबर जातं. आपल्या शेंगाच्या चटणीतही फोलेट आहे. बी-१२ मात्र कोणत्याच शेंगेत, पाल्यात नाही, त्यासाठी दूध, दही, अंडी, मासे किंवा मटण. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही, हे आपलं नेहमीचं ताट या दोन्ही हिशेबांनी वाईट नाही.

प्रश्न : उंच-धिप्पाड माणसाच्या पेशी मोठ्या असतात का?
– एक वाचक, पंढरपूर

नाही. संख्या जास्त असते. हत्तीची आणि उंदराची यकृताची पेशी शेजारी ठेवली तर आकारात फारसा फरक सापडणार नाही.

पण पेशीला आपला आकार कळतो कसा, हा खरा मजेचा भाग. पॉल नर्स १९७०च्या दशकात एडिंबरात एका कांडीसारख्या यीस्टवर काम करत होते. ते लांबीला साधारण १४ मायक्रोमीटर झालं की मधोमध विभागतं, एरवी नाही. नर्स यांना काही पेशी अशा सापडल्या, की त्या पुरेशी लांबी होण्याआधीच विभागत होत्या, त्यामुळे बुटक्याच राहत. त्यांच्यात ‘अजून थांब’ म्हणणारं जनुक बिघडलेलं होतं. पुढे त्यांनी विभाजन सुरू करणारं मुख्य जनुक शोधलं, आणि १९८७ मध्ये माणसाचं तेच जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये घातलं, तर यीस्ट व्यवस्थित विभागू लागलं! टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री साळूच्या अंड्यांत एक प्रथिन दिसलं. ते हळूहळू साठायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं व्हायचं. नर्स यांचं जनुक ज्या प्रथिनाचं, ते या दुसऱ्या प्रथिनाशिवाय कामाला लागत नाही. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१चं नोबेल मिळालं.

दोन टोकंही आहेत. बेडकाचं अंडं एकच पेशी, न विभागता मिलिमीटरभर वाढते. फलित झाली की मग वाढ अजिबात नाही, नुसती विभाजनं, आफ्रिकी बेडकात सुरुवातीला अर्ध्या अर्ध्या तासाला एक. जी-१ आणि जी-२ जवळजवळ नाहीतच. पेशी लहान लहान होत जातात. खायची शिदोरी आधीच भरून ठेवलेली असल्यामुळे हे चालतं.

प्रश्न : कॅन्सरची काही औषधं सदाफुलीपासून करतात असं ऐकलं. मामांना केमो चालू आहे, केस गेले, तोंड आलं. दारातल्या सदाफुलीच्या पानांचा काढा सोबत दिला तर?
– एक वाचक, मोहोळ

देऊ नका. ऐकलं ते खरं आहे, व्हिनब्लास्टिन आणि व्हिंक्रिस्टिन ही औषधं सदाफुलीतलीच, आणि व्हिनब्लास्टिन १९५८ मध्ये कॅनडात वेगळं काढलं गेलं. पण पानांत त्याचं प्रमाण अत्यल्प असतं, आणि सोबत इतरही विषारी द्रव्यं असतात. काढ्यात किती काय उतरलं हे कुणालाच कळत नाही. खुद्द ते औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून देतात.

केस का गेले हे मात्र सांगण्यासारखं आहे. सदाफुलीची औषधं गुणसूत्रं ओढणारे तंतू बनू देत नाहीत, म्हणून पेशी ऐन विभाजनात अडकते. मेथोट्रेक्सेट हे केमोचं दुसरं एक औषध पेशीला त्याआधीच गाठतं. ते फोलेटचं काम अडवतं आणि पेशीला एस अवस्थेत उपाशी पाडतं, म्हणजे वरच्या पत्रातल्या आईला जे नकळत झालं तेच कॅन्सरच्या गाठीला मुद्दाम करायचं. पण औषधाला गाठीची पेशी आणि केसाच्या मुळातली पेशी यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त घाईने विभागणारी पेशी कळते. केसाची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडातला मगज या सगळ्यांना घाई असते. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं. औषधं थांबल्यावर केस बहुतेकांना परत येतात. तोंड आलंय त्यासाठी डॉक्टर धुवायला औषध देतील, मागून घ्या. आणि मामा मिसरी लावत असतील तर ती बंद करा.

प्रश्न : भावाला यकृताचा तुकडा द्यायचा आहे. दिलेला भाग परत उगवतो म्हणतात. खरं का?
– एक वाचक, बार्शी

यकृताच्या पेशी एरवी पेशीचक्राच्या, म्हणजे पहिल्या पत्रातल्या त्या फेऱ्याच्या, बाहेर उभ्या असतात, वर्ष-वर्ष विभागत नाहीत. पण मेंदूच्या पेशींसारखं त्यांनी विभागणं कायमचं सोडलेलं नसतं. उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला, तर उरलेल्या पेशी जी-१मध्ये शिरतात. पहिला जवळजवळ पूर्ण दिवस तयारीतच जातो, डीएनएची नक्कल साधारण चोविसाव्या तासाला भरात येते, आणि आठ-दहा दिवसांत वजन भरून निघतं. माणसाला जास्त वेळ लागतो, पण बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होते. फक्त कापलेला भाग पुन्हा फुटत नाही, पालीच्या शेपटीसारखं ते नाही. जो भाग पोटात उरतो तोच मोठा होतो, आणि शस्त्रक्रियेची व्रण-पट्टी तिथेच राहते. तुमच्या वजनाला किती यकृत मागे ठेवणं सुरक्षित, हे स्कॅन बघून तुमचे शल्यविशारद सांगतील. त्यांना हा आकडा स्पष्ट विचारा.